समुद्रातल्या पवनचक्क्यांचे बोल्ट: आवळलेला ताण जातो कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आला आहे: 'मी सातारा जिल्ह्यात वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांच्या देखभालीत आहे. टॉवरचे एम३६ (३६ मिमी व्यासाचे) बोल्ट आम्ही टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेला पीळ देणाऱ्या पान्ह्याने, तपासतो. समुद्रातल्या पवनचक्क्यांना एम७२ बोल्ट असतात असं ऐकलं. एवढे जाडजूड बोल्ट सैल तरी कसे होतात? टॉर्क रेंच सोडून हायड्रॉलिक टेन्शनर कशाला लागतो? आणि सरळ स्प्रिंग वॉशर का घालत नाहीत?'

'सैल' या शब्दापासूनच सुरुवात करतो, कारण सगळा घोळ तिथे आहे. आपण सैल म्हणतो ते फिरणाऱ्या नटाला. उत्तर समुद्रातल्या कामात इतकी वर्षं काढली, पण टॉवरच्या फ्लँजवरचा (तुकडे जोडायला टोकाला असलेल्या जाड पोलादी कड्यावरचा) नट फिरून सुटलेला मी क्वचितच पाहिला. नट जागच्या जागी असतो, मार्करची रेघ जुळलेली असते, पान्हा लावला तर तो तसूभर हलत नाही. तरीही आतल्या बोल्टमधला ताण बराच उतरलेला असू शकतो. हा ताण डोळ्यांना दिसत नाही आणि हाताला लागत नाही.

तो किती असतो ते आधी बघू. एम७२, १०.९ दर्जाच्या बोल्टचं आट्यांच्या जागचं क्षेत्रफळ सुमारे ३,४६० चौरस मिमी. पोलादाची ताकद प्रति चौ. मिमी १,००० न्यूटन. तिच्या ७० टक्क्यांपर्यंत आवळायचं हा युरोपातला नेहमीचा प्रघात, म्हणजे सुमारे २,४२० किलोन्यूटन. टनात सांगायचं तर एका बोल्टमध्ये जवळपास २४७ टन. मोनोपाइलच्या (समुद्रतळात ठोकलेल्या एकाच जाड पोलादी नळकांड्याच्या पायाच्या) एका जोडावर असे शंभराहून जास्त बोल्ट असतात. आता गंमत बघा. दोन फ्लँज आणि वॉशर मिळून पकड ३५० मिमी धरली, तर एवढा ताण दिल्यावर बोल्ट लांबतो किती? साधारण एक मिलिमीटर. २४७ टनांची सगळी पुंजी त्या एका मिलिमीटरात साठवलेली असते. नटाखाली, वॉशरखाली, आट्यांच्या कडांवर आणि फ्लँजच्या तोंडांवर मिळून पाच शतांश मिलिमीटर जरी चेपलं गेलं, तरी चार-पाच टक्के ताण गेला. नट एक अंशही फिरलेला नसतो. म्हणूनच फ्लँजच्या तोंडांवर टॉवरसारखा जाड रंग देत नाहीत. रंग दाबाखाली महिनोन्‌महिने चेपत राहतो आणि बोल्टचा ताण खात राहतो.

स्प्रिंग वॉशरचं उत्तरही यातच आहे. तो वॉशर सपाट व्हायला लागणारं बळ या ताणापुढे चिल्लर आहे. पहिल्याच फेरीत तो सपाट होतो आणि पुढे एक निरुपयोगी, कडक, वेडीवाकडी चकती म्हणून राहतो. वर चेपायला आणखी दोन पृष्ठभाग वाढवतो. गेऱ्हार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्येच दाखवून दिलं होतं की नट आपोआप फिरतो तो जोडाचे दोन भाग एकमेकांवर आडवे सरकायला लागले की. पुरेसा ताण असेल तर ते सरकतच नाहीत. तेव्हा नटाला कुलूप लावण्यापेक्षा ताण टिकवणं हेच काम.

ताण टिकवायचा तो कशासाठी? बोल्ट तुटू नये म्हणून एवढंच उत्तर बहुतेक जण देतात. ते बरोबर आहे, पण तुटतो तो वाऱ्याच्या एका मोठ्या झोतात नव्हे. रोटर मिनिटाला १० फेऱ्या घेतो असं धरा. तीन पाती, म्हणजे टॉवरसमोरून मिनिटाला ३० वेळा पातं जातं. २५ वर्षांत हा आकडा ३९ कोटींवर जातो, आणि त्यात लाटांचे धक्के अजून धरलेले नाहीत. इतक्या वेळा ताण थोडा जरी वर-खाली झाला, तरी आट्याच्या पहिल्या वेढ्यात केसाएवढी चीर सुरू होते. युरोकोडमध्ये, म्हणजे बांधकामाच्या युरोपीय मानकांत, ताणात असलेल्या बोल्टचा फटीग (वारंवारच्या भाराने येणारा थकवा) वर्ग ५० आहे. म्हणजे २० लाख आवर्तनं सोसायची तर ताणातला चढउतार प्रति चौ. मिमी ५० न्यूटनपर्यंत. ज्या पोलादाची ताकद १,००० आहे त्याला ५०! शिवाय ३० मिमीपेक्षा जाड बोल्टसाठी आकाराची कपात आहे: ३० भागिले व्यास, त्याचं चतुर्थमूळ. एम७२ ला ती ०.८ येते, म्हणजे ५० चे ४० उरले. गरम जस्तलेप असेल तर आणखी थोडं कमी. त्यामुळे 'जाड बोल्ट घाला, प्रश्न मिटला' हे इथे चालत नाही. बोल्ट जाड झाला की प्रत्येक चौरस मिलिमीटरमागे तो थोडा नाजूकही होतो.

मग हे ३९ कोटी धक्के तो सोसतो कसे? सोसतच नाही, ते त्याच्यापर्यंत पोचू द्यायचे नसतात. घट्ट आवळलेला जोड ओढला, की ओढ आधी दोन फ्लँजमधला दाब कमी करण्यात खर्च होते. फ्लँजचं पोलाद बोल्टच्या मानाने कितीतरी जास्त, म्हणून ताठरही जास्त. बोल्टच्या वाट्याला ओढीचा लहानसा हिस्सा येतो. फ्लँज एकमेकांना चिकटून आहेत तोवर हा हिशेब टिकतो. त्या सुटल्या की सगळी ओढ बोल्टवर, आणि ती कधीकधी दुणावून.

दुणावून का, हे कळायला फ्लँजचा आकार डोळ्यांसमोर आणा. टॉवरची भिंत बाहेर, फ्लँज आत वळलेली, बोल्ट भिंतीपासून आतल्या बाजूला. भिंत वर ओढते तेव्हा फ्लँजची आतली कड टेकू होते आणि फ्लँज पहारीसारखी काम करते. पहारीने दगड उचकटताना लहान जोरात मोठं बळ निघतं ना, तेच बळ इथे बोल्टला उपटतं. श्मिट आणि नोयपर या जर्मन अभियंत्यांनी १९९७ मध्ये बोल्टमधल्या बळाचा तीन तुकड्यांचा आलेख मांडला: आधी जवळपास आडवी रेघ, मग फट उघडू लागली की चढ, मग सरळ खडी चढण. टॉवरच्या फ्लँजची आकडेमोड आजही त्या धर्तीवर चालते. आम्ही जे काही धडपडतो ते जोड त्या पहिल्या, आडव्या तुकड्यात ठेवण्यासाठी.

इथे माझं ठाम मत सांगतो, काहींना पटणार नाही. बोल्टच्या आकारावर आणि अवजारांवर जेवढी चर्चा होते, त्याच्या निम्मी तरी फ्लँजच्या सपाटपणावर व्हायला हवी. फ्लँज भिंतीला वेल्ड करताना ओढली जाते, थोडी झुकते, थोडी लाटेसारखी होते. झुकायचीच असेल तर आतल्या कडेला फट राहील अशी झुकलेली बरी. भिंतीखाली टेकलेलं असेल तर ओढ-दाबाचा रस्ता सरळ राहतो. फट भिंतीच्या बाजूला असेल तर आधी बोल्टांना फ्लँज वाकवून ती बंद करावी लागते, आणि जो ताण दाबून धरायला हवा होता तो वाकवण्यातच संपतो. कागदावर ७० टक्के ताण भरलेला असतो, पण भिंतीखाली दाब नाममात्र. आणखी एक गोष्ट नव्या माणसाला उलटी वाटते. परिघावर लांबवर पसरलेली दोन मिमीची फट परवडते, आखूड लांबीतली दोन मिमीची नाही. लांब फट बंद करायला फ्लँज सहज वाकते, आखूड फटीत ती अडून बसते. टॉवर आणि पायाच्या रचनेचं २०२० चं आंतरराष्ट्रीय मानक, आयईसी ६१४००-६, फटीची मर्यादा ठरवताना तिची लांबीही विचारात घेतं ते म्हणूनच.

एका कामावर आम्ही टॉवरचा खालचा भाग उतरवून बसवला आणि एका बाजूला फीलर गेजची (फट मोजायच्या पातळ पट्टीची) पात भिंतीखाली सुळकन आत गेली. कारखान्याच्या कागदावर फ्लँज सपाट. कागद खोटा नव्हता. मोजणी झाली होती ती टॉवरचा तुकडा आडवा, टेकूंवर ठेवलेला असताना. सहा-सात मीटर व्यासाचा नळकांडा आडवा पडला की स्वतःच्या वजनाने लंबगोल होतो, उभा केला की त्याची तोंडं वेगळी दिसतात. वरच्या साहेबांचं म्हणणं, 'आवळा, बसेल.' बसलंही असतं. फीलर गेज आत जायचा थांबला असता आणि आम्ही सही करून निघालो असतो. तेवढ्या भागातले बोल्ट मात्र पुढची २५ वर्षं त्या आलेखाच्या दुसऱ्या तुकड्यात काम करत बसले असते. क्रेनचं जहाज ताटकळत ठेवून फट भरून घेतली. त्या दिवशी माझ्याशी फार कुणी गोड बोललं नाही.

आता टेन्शनर. टॉर्क रेंचने दिलेल्या पिळाचा निम्मा भाग नटाखालच्या घर्षणात जातो, चाळीसेक टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि उरलेल्या दहाएक टक्क्यांतून बोल्ट ताणला जातो. म्हणजे तुम्ही मोजता नव्वद टक्के घर्षण आणि अंदाज करता दहा टक्क्यांचा. एम७२ ला टॉर्कचा गुणांक (घर्षणाप्रमाणे बदलणारा) ०.१३ धरला तर सुमारे २२,६०० न्यूटन-मीटर लागतात. वंगण वाळलं, धूळ बसली आणि तो ०.१६ झाला, तर त्याच टॉर्कला ताण १९ टक्के कमी. रेंच 'टक' वाजवून मोकळा, कागदावर आकडा तोच. स्वीडनमध्ये लेम्नहुल्टला २०१५ च्या डिसेंबरात जमिनीवरचा एक अख्खा टॉवर कोसळला. तिथल्या अपघात तपास संस्थेला मूळ सापडलं ते खालच्या भागांच्या जोडातल्या बोल्टांत: ते पुरेसे ताणलेलेच नव्हते, कारण आवळण्याआधी उघड्या हवेत राहून त्यांचं घर्षण बदललं होतं. तेव्हापासून बोल्टांची खोकी पावसात उघडी दिसली की मी जरा आवाज चढवतोच.

टेन्शनर पिळत नाही, ओढतो. बोल्टच्या वर निघालेल्या आट्यांना पकडून तेलाच्या दाबाने त्याला सरळ ताणतो, मग नट हाताने खाली फिरवून टेकवायचा, मग दाब सोडायचा. घर्षणाचा जुगार बराच टळतो. पण यालाही खोड आहे. दाब सोडला की भार टेन्शनरवरून नटावर येतो, आटे आणि नटाखालची जागा चेपते, थोडा ताण परत जातो. बोल्ट लांब असेल तर हा तोटा थोडा, आखूड जाड बोल्टला जास्त. म्हणून आधी जरा जास्त ओढतात, पुन्हा ओढतात. नट नीट टेकवला नाही तर मात्र सगळी मेहनत पाण्यात. रात्रपाळीत, हातमोजे घालून, जस्ताच्या कणांनी अडकणारा नट फिरवताना माणूस 'टेकला' म्हणतो आणि तो टेकलेला नसतो. लेखी पद्धतीत त्या टेकवण्यालाही ठरलेला पीळ असतो तो उगाच नाही.

वॉशरचंही सांगून टाकतो. तुमच्या एम३६ च्या एचव्ही संचात (ताण देऊन आवळायच्या उच्च ताकदीच्या बोल्ट-नट-वॉशरच्या संचात) वॉशरच्या भोकाला एका बाजूने उतरती कड असते. ती बोल्टच्या डोक्याकडे आणि नटाकडे हवी. डोक्याखाली गोलाई असते, उलटा वॉशर त्या गोलाईवर चढून बसतो. नटावरची अक्षरं बाहेर दिसली पाहिजेत. वीस किलोच्या घरातला एम७२ हातात असताना हे कुणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून आवळण्याआधी एका माणसाने नुसतं टॉर्च घेऊन गोल फिरून यायचं.

समुद्रात पायाच्या जोडाला हे बोल्ट आले कसे, तेही थोडं. पूर्वी मोनोपाइल ठोकायचा, त्यावर मोठ्या टोपीसारखा ट्रान्झिशन पीस घालायचा आणि मधल्या पोकळीत ग्राउट (घट्ट होणारा सिमेंटचा गारा) भरायचा, अशी सर्रास रीत होती. मोनोपाइल ठोकताना थोडा तिरका गेला तरी ग्राउटमध्ये तो तिरकेपणा जिरवता यायचा. २००९ च्या सुमारास उत्तर समुद्रात लक्षात आलं की सरळ नळकांड्याच्या रचनेत ट्रान्झिशन पीस हळूहळू खाली सरकताहेत. तेलाच्या फलाटांच्या बारीक नळ्यांवरून आलेली सूत्रं एवढ्या मोठ्या व्यासाला आणि सतत मागेपुढे वाकणाऱ्या खांबाला लागू पडत नव्हती. तात्पुरत्या टेकूंसाठी लावलेले कंस भार घेऊ लागले होते, ज्यासाठी ते बनवलेलेच नव्हते. मग कुणी शंकूच्या आकाराचे जोड केले, कुणी आडव्या पट्ट्या वेल्ड केल्या, आणि बऱ्याच प्रकल्पांनी ग्राउटवरचा भार काढून सरळ फ्लँज आणि बोल्ट घेतले. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या स्क्रोबी सँड्सला तर २००४ मध्येच मोनोपाइलवर थेट फ्लँज ठेवून टॉवर बोल्टने बसवला होता.

बोल्ट आले तसे त्यांचे प्रश्नही आले. ज्या फ्लँजवर पुढे फटीचे दशांश मिलिमीटर मोजायचे, तिच्यावरच आधी हातोड्याचे हजारो घाव पडतात. तिरकेपणा मागाहून सुधारायची सोय नाही, ठोकतानाच अंशाच्या अपूर्णांकात राहावं लागतं. जोड भरतीच्या रेषेच्या वर असला तरी खारी हवा आणि लाटांचे तुषार चुकत नाहीत, म्हणून ट्रान्झिशन पीसचा घेर खाली झालरीसारखा उतरवून सांधा बुजवतात. आणि मोनोपाइलच्या पोटातल्या साचलेल्या पाण्यातून हायड्रोजन सल्फाइड येतो, तेव्हा गॅसमीटर लावल्याशिवाय खाली पाय टाकायचा नाही.

हायड्रोजनचाच दुसरा अवतार बोल्टच्या आत असतो. 'दर्जा १०.९ च का, १२.९ का नाही?' हे मला दर वर्षी कुणीतरी विचारतंच. पोलाद जितकं कडक, तितकं ते हायड्रोजनने ठिसूळ होतं. जस्तलेपाआधीच्या आम्लाच्या आंघोळीतून किंवा नंतरच्या गंजातून हायड्रोजन आत शिरतो आणि आवळल्यावर काही तासांनी किंवा दिवसांनी बोल्ट आवाज करून तुटतो, वारा नसतानाही. पवनचक्क्यांबाहेरचं पण अगदी याच आकाराचं उदाहरण सॅन फ्रान्सिस्को-ओकलंड बे ब्रिजचं. मार्च २०१३ मध्ये तिथले तीन इंच व्यासाचे, जस्तलेप दिलेले ९६ अँकर रॉड ताणले आणि थोड्याच दिवसांत त्यांतले ३२ तुटले. ताणण्याआधी ते बराच काळ पाणी साचलेल्या भोकांत उभे होते. तीन इंच म्हणजे ७६ मिमी, आपल्या एम७२ चा सख्खा भाऊ.

आता तुमची टॉर्क तपासणी. दहा टक्के बोल्ट निवडायचे, ठरलेला टॉर्क लावायचा, नट फिरला नाही तर 'ठीक'. ही पद्धत समुद्रातही पुष्कळ चालली आणि अजून चालते. तिच्यातली मेख अशी की चार हिवाळे काढलेल्या नटाखाली गंज आणि वाळलेलं वंगण असतं. घर्षण वाढलेलं, म्हणून ताण गेला असला तरी नट फिरत नाही. आणि जोर लावून फिरवलाच, तर वंगण नसलेल्या आट्यांना विनाकारण पीळ बसतो. ही तपासणी बसवल्यानंतर पहिल्या काही शे तासांत कामाची, कारण चेपायचं ते बहुतेक तेव्हाच चेपतं. पुढच्या वर्षांत तिच्यावर माझा फारसा भरवसा नाही. ध्वनिलहरीने बोल्टची लांबी मोजणं त्यापेक्षा खरं बोलतं: लहर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाऊन परत यायला किती वेळ लागला त्यावरून ताण काढतात. त्यासाठी आवळण्याआधीची लांबी नोंदलेली हवी आणि तापमानाची दुरुस्ती करायला हवी. ज्या टॉवरची सुरुवातीची नोंद नाही तिथे हे यंत्र घेऊन गेलं तरी हात चोळत परत यावं लागतं.

बोल्टच नकोत, असाही एक विचार आहे. डच लोकांनी फ्लँजऐवजी आडव्या पाचरींचा जोड काढला आहे, आणि त्यांच्याच बोर्सेले समुद्री प्रकल्पात २०२० मध्ये एका मोनोपाइलवर नुसता शंकूत शंकू बसवणारा स्लिप जॉइंट लावला. दोन्ही मला आवडतात. तरी पात्यांच्या मुळाशी आणि बेअरिंगच्या कडांवर बोल्ट राहणारच, आणि माझ्या अनुभवात टॉवरपेक्षा तिथलेच बोल्ट जास्त तुटतात. तो विषय वेगळा, इथे नको.

खंबातच्या आखातात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावर प्रत्येकी ५०० मेगावॉटसाठी केंद्राने जून २०२४ मध्ये ७,४५३ कोटींची योजना मंजूर केली, तेव्हा हा अनुभव तुम्हाला उद्या घराजवळही लागेल. तोवर जीडब्ल्यूओच्या (ग्लोबल विंड ऑर्गनायझेशनच्या) तांत्रिक प्रशिक्षणातला बोल्ट आवळण्याचा भाग करून ठेवा. आणि पठारावर एक प्रयोग करता आला तर करा. एखाद्या टॉवरचे बोल्ट बदलायचे ठरलेच असतील, तर जुन्या बोल्टांपैकी पाच निवडा, दोन्ही टोकं साफ करा, नट सोडण्याआधी आणि सोडल्यानंतर मायक्रोमीटरने लांबी मोजा, एकाच वेळी, सावलीत. पकड १६० मिमीची असेल तर पूर्ण ताणलेला एम३६ सुमारे ०.४ मिमी आखडायला हवा. पाचही आकडे वेगळे येतील. फक्त बदलायच्या बोल्टांवरच करा हे मात्र, कारण पूर्ण ताणून सोडलेला एचव्ही बोल्ट पुन्हा वापरायचा नसतो.